गोधडेबुवा आणि आजीची वाकळ

पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि वसतिगृहात राहायला जाण्याचा दिवस उगवला. आजीने एका जुन्या लुगड्यात वाकळ गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि ते गाठोडे माझ्या पेटीवर आणून ठेवले. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावापासून कराड काही फार लांब नाही. परंतु आजीच्या लेखी मी परमुलखाला निघाले होते. कृष्णा-कोयनेच्या काठची थंडी हाडात शिरते, असे ती चार-चारदा बजावत होती.

मी ती वाकळ नेली नाही. एस. टी.ला गर्दी असते, गाठोडे जड आहे, वडिलांनी बाजारातून नवे ब्लँकेट आणलेलेच आहे, अशी कारणे मी पुढे केली. खरे कारण निराळे होते. वाकळेवर लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या तुकड्यांची दाटी होती. कुठे वडिलांच्या जुन्या सदऱ्याच्या रेघा, कुठे आईच्या पातळाची फुले, कुठे शिंप्याच्या दुकानातून आणलेले कातरण. ती खोलीत पसरली की बाकीच्या मुली काय म्हणतील, या विचाराने मी आधीच ओशाळले होते. आजी काही बोलली नाही. तिने सुतळी सोडली, नीट गुंडाळून ठेवली आणि वाकळ परत उतरंडीशेजारी नेऊन टाकली.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. परंतु २० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, आणि त्या दिवशी वर्गातर्फे चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले. ग्रंथालयातून प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले बाबांचे चरित्र आणले. हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याचे खापर, एवढीच बाबांची ओळख मला शाळेपासून होती. वाचता वाचता एका ठिकाणी मी थबकले. लोक बाबांना जशी गाडगेबुवा, चिंधेबुवा म्हणून हाक मारीत, तशीच गोधडेबुवा म्हणूनही मारीत. जे वस्त्र मी चारचौघींत अंथरायला लाजले होते, त्याच वस्त्रावरून महाराष्ट्राने एका थोर पुरुषाला नाव दिले होते.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परिटाच्या घरात झाला. दुसऱ्याची वस्त्रे धुऊन स्वच्छ करणे हा त्या घराचा परंपरागत धंदा. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले, तेव्हा डेबूजी लहान होता. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या गावी माहेरी आली. शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही. मामाची गुरे राखावीत, पुढे नांगर धरावा, रात्री भजनात रमावे, असे त्याचे दिवस गेले. ज्यांना वाचता येत नव्हते, अशा माणसांचे अंगठे कागदावर घेऊन सावकार जमिनी कसा गिळतो, हे त्याने मामाच्या घरीच पाहिले. अज्ञान किती महाग पडते, याचा तो पहिला धडा होता, आणि तो धडा त्याने जन्मभर दुसऱ्यांना शिकवला.

१८९२ मध्ये डेबूजीचे कुंताबाईंशी लग्न झाले. पुढे मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची चाल होती. डेबूजीने ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. जातीची माणसे रागावली, पण तो डगमगला नाही. कर्ज काढून सण आणि दिवस साजरे करायचे आणि मग पिढ्यान् पिढ्या ते फेडत बसायचे, ही रीत त्याला मान्य नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. पुढची बारा वर्षे तो भटकत राहिला. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी मागून घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे आणि उन्हात तेच डोक्यावर पालथे घालायचे. या वेषाला पाहून लोक हसत, कुत्री भुंकत. परंतु हा वेष वेडाचा नव्हता. ज्या वस्तू लोकांनी उकिरड्यावर टाकल्या, नेमक्या त्याच बाबांनी अंगावर घेतल्या. भारतात ही परंपरा फार जुनी आहे. बुद्धाचे भिक्षू टाकून दिलेल्या वस्त्रांचे तुकडे जोडून आपले चीवर शिवीत. नाथपंथी जोगी कंथा पांघरीत. बाबांनी ही पोथी कधी वाचली नव्हती. परंतु तिचा अर्थ त्यांच्या अंगावर होता.

मी पुण्यतिथीला बोलले. टाळ्याही मिळाल्या. पण मन स्वस्थ झाले नाही. गोधडेबुवांवर दहा मिनिटे भाषण करणारी मुलगी आजीची वाकळ घरी टाकून आली होती, हे सभागृहात कोणाला ठाऊक नव्हते. मला मात्र होते.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेल्यावर मी आजीला म्हटले की मला वाकळ शिवायला शिकव. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि माळ्यावरचे बोचके खाली काढायला सांगितले.

आमच्याकडे सातारा-सांगलीला वाकळ म्हणतात, दुसरीकडे तिलाच गोधडी म्हणतात. तान्ह्या बाळासाठी तीच लहान आणि मऊ केली की झाले दुपटे. ती शिवणे सोपे असेल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी दूर झाली. आधी बोचक्यातले सगळे कपडे धुऊन कडक उन्हात वाळवायचे. मग गुंड्या, हूक काढून शिवणी उसवायच्या. जो कपडा हाताने ओढताच टरकतो तो बाजूला. जो विरला आहे पण धरून आहे तो आतल्या थरात. ज्याच्यात अजून जीव आहे तो वर. खालच्या बाजूला अस्तर म्हणून धडके लुगडे लागते. जमीन सारवून कोरडी झाली की त्यावर अस्तर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, वजनाचे दगड ठेवायचे. त्यावर एकेक थर हाताने निपटत घालायचा. एक जरी घडी आत राहिली, तरी ती जन्मभर पाठीला टोचते. थर जमले की लांब लांब कच्चे टाके घालून ते धरून ठेवायचे, आणि मग खरी शिवण सुरू होते.

ती काठापासून सुरू होते. चारी बाजूंनी धावदोऱ्याची एक ओळ, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी. असे चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचे. मोठ्या नेढ्याची सुई, दुहेरी दोरा, तो मेणावरून ओढलेला. माझे टाके पहिल्या दिवशी मोत्यासारखे नव्हे, तर वाटाण्यासारखे पडले. आजीने निमूटपणे ती ओळ उसवली. लांब टाका पायाच्या अंगठ्यात अडकतो आणि तिथूनच वाकळ फाटते, एवढेच ती म्हणाली. बोटे भोकसली, मान आखडली. दुपारी शेजारच्या दोन काकू आल्या, त्यांनी दुसरी बाजू धरली. गप्पा मारीत त्यांचे हात असे चालत होते की बघत राहावे. आम्हा चौघींना एक वाकळ पुरी करायला अकरा दुपारी लागल्या. विकत मिळणाऱ्या ब्लँकेटशी तिची किंमत ताडून पाहणारा माणूस या अकरा दुपारी कधीच हिशेबात धरत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी आतल्या थरासाठी आजीने एक हिरवे लुगडे काढले. त्याला मधोमध दंड घातलेला होता. लुगडे जिथे बसण्या-उठण्याने विरते तो भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालणे. या लुगड्याला एक नव्हे, दोन दंड होते. मी कारण विचारले. आजीने जे सांगितले ते मला त्याआधी कोणीच सांगितले नव्हते.

माझे पणजोबा वारकरी होते. तरुणपणी पंढरपूरच्या वाळवंटात त्यांनी गाडगेबाबांचे कीर्तन ऐकले होते. बाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारीत, उत्तरे वदवून घेत, आणि हसवता हसवता वर्मावर बोट ठेवीत. जेवायचे ताट मोडावे लागले तरी मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडे कमी किमतीचे घ्या, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्यांच्या कीर्तनाचा आशय असे. पणजोबांनी तो मनात जपून ठेवला होता. माझ्या वडिलांची सातवी झाली तेव्हा आता शेताला हात लागतो, शिक्षण पुरे, असे आजोबा म्हणाले. पणजोबांनी ऐकले नाही. बाबांचा शब्द त्यांनी पुढे केला. वडील हायस्कूलला गेले, पुढे पदवीधर झाले आणि नोकरीला लागले. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. परंतु कमी किमतीचे लुगडे कोणी नेसले, हे त्या गोष्टीत कधी येत नसे. ते आजीने नेसले. वडिलांच्या हायस्कूलच्या वर्षांत तिने दिवाळीला नवे लुगडे घेतलेच नाही. जुन्यालाच दंड घातला, आणि तो विरल्यावर पुन्हा दुसरा.

ते लुगडे माझ्या मांडीवर होते. ज्या वाकळेची मला लाज वाटली होती तिच्यातही असेच कोणते तरी लुगडे असणार. वडील शिकले म्हणून मी शिकते आहे. म्हणजे माझ्या फीचा पहिला हप्ता या कापडातून गेला होता. मी खाली मान घालून टाके घालीत राहिले. आजीने त्या गोष्टीचे काही भांडवल केले नाही. तिने दुसरा दोरा ओवायला सांगितला, कारण तिला आता नेढे दिसत नाही.

त्यानंतर मी बाबांचे चरित्र पुन्हा वाचले, आणि या वेळी निराळ्या नजरेने वाचले. स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या या माणसाच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले. त्यातून नदीचे घाट, धर्मशाळा, गोरक्षणाच्या संस्था, अनाथ-अपंगांसाठी अन्नछत्रे, शाळा आणि वसतिगृहे उभी राहिली. ऋणमोचनला पूर्णा नदीच्या काठी यात्रेकरू चिखलातून घसरत, तिथे घाट झाला. नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरला ज्यांना कोणी ओसरीवर उभे करीत नव्हते, अशा अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. ती त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा झाली. यांतल्या एकाही इमारतीवर त्यांनी मालकी सांगितली नाही. गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची, हा त्यांचा क्रम. कोणी पाया पडायला आले तर ते मागे सरत. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, असे ते सांगत.

कोकणात कीर्तन चालू असता एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग त्यांचे वैराग्य म्हणून सर्वत्र सांगितला जातो. तो वाचताना या वेळी मला कुंताबाईंची आठवण झाली. नवऱ्याने धर्मशाळा बांधल्या, आणि तिला मात्र ऋणमोचनला झोपडीत राहावे लागले. कारण लोकांच्या पैशावर आपल्या घरच्यांनी जगू नये, हा बाबांचा नियम होता. नियम थोर होता. पण तो पाळण्याचे ओझे कुंताबाईंनीही वाहिले. थोरामोठ्यांच्या चरित्राला एक अस्तर असते. ते जमिनीकडच्या बाजूला असल्याने दिसत नाही. अस्तराशिवाय वाकळ होत नाही, हे मात्र मी आता स्वतःच्या हाताने शिकले होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबांनी चिंध्या पांघरल्या म्हणून चिंध्या चांगल्या, असा अर्थ कोणी काढू नये. आजीला मी हे बोलून दाखवले तेव्हा ती हसली. तिला नवे लुगडे नको होते असे नाही. ते घेता आले नाही. बाबांनी वेष निवडला होता, आजीने निवडला नव्हता. गरिबीचे कौतुक बाबांनीही केले नाही. गरिबी का येते, हेच ते विचारीत. कर्जाने, व्यसनाने, नवसाच्या बोकडाने, अज्ञानाने येते हे ते लोकांच्याच तोंडून वदवीत, आणि तिच्यातून निघायची वाट म्हणून शाळेकडे बोट दाखवीत.

त्या वाटेवर त्यांना आपल्या भागातला एक जिवाभावाचा सोबती भेटला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे आमच्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्याला सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवून शिकवली. त्या वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. निरक्षर कीर्तनकार आणि घोंगडी पांघरणारा शिक्षणमहर्षी यांचे सूर जुळले यात नवल नाही. १९५४ मध्ये कर्मवीरांनी कराडला महाविद्यालय काढले आणि त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याने पाटीवर एक अक्षर गिरवले नाही त्याच्या नावाने महाविद्यालय! मुलाखतीच्या चिठ्ठीवर, गुणपत्रिकेवर, पदवीच्या अर्जावर आजही त्या गोधडेबुवाचे नाव लिहिले जाते.

१९५६ चा डिसेंबर महाराष्ट्राला फार जड गेला. ६ तारखेला डॉ. आंबेडकर गेले. बाबा तेव्हा स्वतः आजारी होते. २० डिसेंबरला अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांनी देह ठेवला. वय ८० वर्षांचे. जन्मभर प्रवासात राहिलेला माणूस प्रवासातच संपला. पुढे सांगली जिल्ह्यातील अंजनीचे सुपुत्र, दिवंगत आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना राज्यात बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि गावेच्या गावे हातात खराटा घेऊन उभी राहिली. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले.

आमची वाकळ पुरी झाली त्या संध्याकाळी आजीने ती उचलून उजेडाकडे धरली, कुठे टाका सुटला आहे का पाहिले आणि घडी घातली. माझ्या बाजूचे टाके अजूनही ओळखू येतात. ते जरा वाकडे आहेत. जूनमध्ये महाविद्यालय उघडले तेव्हा मी दोन्ही वाकळा मागितल्या. आजीने एकच दिली. नवी वाकळ घरी राहू दे, पाहुण्याला लागते, असे ती म्हणाली. मला जुनी मिळाली, गेल्या वर्षी मी टाकून गेले होते तीच.

ती आता वसतिगृहात माझ्या कॉटवर आहे. पहिल्या दिवशी मैत्रिणी जमल्या. कोणी हसले नाही, असे मी म्हणणार नाही, एक-दोघी हसल्या. मी त्यांना आतल्या थरांची गोष्ट सांगितली. थोड्या वेळाने त्यांतलीच एक म्हणाली की तिच्या आजीचीही अशीच वाकळ घरी पेटीत पडून आहे, आणि आत कोणाकोणाचे कपडे आहेत हे तिने कधी विचारलेले नाही. आजी आहे तोवर विचार, एवढेच मी तिला म्हटले. हा लेख वाचणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनाही माझे तेच सांगणे आहे.